शिंत्रेकाकांचा सोमवार

हॅमिल्टनमधल्या आमच्या रोटोटुना उपनगरात नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाला शिंत्रेकाका पहिल्यांदा दिसतात ते बहुधा सोमवारी. दिसतात म्हणजे काय, तर समोरून येतात, हात जोडतात, ओठांवर बोट ठेवतात आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जातात. कानात पिवळ्या स्पंजचे बोळे. नवा माणूस मग हळूच मला विचारतो, "सोमवारचं मौन असतं का त्यांचं?" गेल्या श्रावणात तर पुण्याहून आलेल्या एका मुलीने, परदेशात राहूनही केवढी ही निष्ठा म्हणून, डेअरीच्या, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाच्या, दारात त्यांना वाकून नमस्कार केला. आता काकांना बोलायची तर सोय नाही. त्यांनी निमूटपणे आशीर्वादाचा हात वर केला आणि पावाची लादी घेऊन घरी गेले.

खरं सांगायचं तर शंकराचा आणि शिंत्रेकाकांचा काडीचाही संबंध नाही. तिकडे अमेरिकेत उघड्या चाकांच्या गाड्यांच्या शर्यती होतात. त्यांच्या रविवारी दुपारी शर्यत सुटते तेव्हा इथे आमच्याकडे सोमवार उजाडत असतो. काका ती तेव्हा बघत नाहीत. सकाळी साडेनवापर्यंत पडदे ओढून झोपतात, दहाला कामावर जातात, पाचला येतात, आणि सहाच्या ठोक्याला मुलीला फोन लावून तिच्याबरोबर बघतात. तोवर कोण जिंकलं ते कानावर पडता कामा नये, म्हणून ते बोळे आणि ते मौन. डेअरीवाले भूपेंद्रभाई काका दिसले की रेडिओ बंद करतात. दूध पावडरच्या कारखान्यात, जिथे काका मेंटेनन्सला आहेत, तिथेही सोमवारी सगळे त्यांच्याशी खुणांनी बोलतात. मी शेजारीण. सहा वर्षं मी हा नियम पाळला. माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या हॅमिल्टनला माहीत आहे, तेव्हा माझे हाल काय झाले असतील याचा विचार करा.

वय अठ्ठावन्न, मूळचे चिंचवडचे. बारा महिने एकच निळा स्वेटर आणि ऐन थंडीतही पायात मोज्यांवर जँडल्स. जँडल्स म्हणजे आपल्या रबरी चपलाच. पण मोज्यांवर त्या कशा चढवायच्या हे तंत्र त्यांचं त्यांनाच ठाऊक. शर्यतींचं एवढं वेड, पण स्वतःची गाडी एक्स्प्रेसवेवर ऐंशीच्या वर गेलेली मी पाहिली नाही. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवून दमतात. एकदा माझा नवरा, नितीन, पुढच्या गाडीच्या अगदी शेपटाला लागला तेव्हा मागच्या सीटवरून काकांनी प्रवचन दिलं. झाकलेल्या चाकांच्या गाड्या एकमेकींना खुशाल घासत जातात, म्हणाले, पण चाक उघडं असलं की चाकाला चाक लागायचा अवकाश, गाडी हवेत. आपण सगळे उघड्या चाकांचे रे बाबा, अंतर ठेव. नितीनने ठेवलं, तेवढ्यापुरतं.

ड्रायव्हरांना त्यांनी आपली मराठी नावं ठेवलेली आहेत. हे मला सुरुवातीला ठाऊक नव्हतं, आणि त्यातून मोठा घोटाळा झाला. एका मंगळवारी कुंपणापलीकडून मला म्हणाले, काल जावईबापू भिंतीवर आदळले. मी हातातला कपडा टाकून धावले. यांच्या मुलीचं लग्न कधी झालं, आम्हाला कसं कळलं नाही, लागलं का फार, कुठल्या हॉस्पिटलात आहेत, सगळं एका दमात विचारलं. जावईबापू म्हणजे मोठ्या टीमचा एक तापट ड्रायव्हर. त्याला सगळं आयतं मिळतं आणि तरी तो रुसतो, म्हणून जावईबापू. भाऊसाहेब म्हणजे पेट्रोल पुरवून पुरवून वापरणारा आणि शेवटी हळूच पुढे निघणारा एक शहाणा माणूस. आणि बारक्या म्हणजे काकांचा जीव की प्राण. एका फाटक्या टीमचा हा ड्रायव्हर कायम सतरावा, अठरावा नाहीतर एकोणिसावा येतो. पहिल्याकडे बघायला जग आहे, काका म्हणतात, बारक्याकडे कोण बघणार?

शुद्ध मराठीचा यांचा आग्रह हा आणखी एक ताप. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं पत्रक घरोघर गेलं की काकांकडून ते लाल शाईने रंगून परत येतं. नितीन एकदा "मी तुला मदत करेन" म्हणाला तर त्याला "करीन" म्हणेपर्यंत चहा मिळाला नाही. आणि हाच माणूस नव्व्याण्णवला एकोणशंभर म्हणतो! उठता बसता त्यांचं पालुपद तेच. एकोणशंभर टक्के पाऊस येणार. एकोणशंभर टक्के मीठ कमी आहे. मी एकदा धीर करून म्हटलं, काका, असा शब्द मराठीत नाही. त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, एकोणशंभर टक्के बरोबर आहे तुझं.

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे "चालत बाहेर आला ना?" अपघात झाला की ड्रायव्हर स्वतःच्या पायांनी गाडीबाहेर येतो का, एवढंच ते विचारतात, गाडीचे तुकडे झाले तरी बेहत्तर. माझी लेक मीरा पायाने ढकलायच्या स्कूटरवरून पडून कोपर सोलून आली, मी रडकुंडीला आले, तर काका कुंपणावरून विचारतात, चालत घरी आली ना? मग झालं. मीराने "आय एम फाइन, काका" म्हणून त्यांना अंगठा दाखवला. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

घरात ते एकटेच. मुलगी सानिका अकरा वर्षांची असताना नवराबायकोने वेगळं व्हायचं ठरवलं आणि ती आईबरोबर ख्राइस्टचर्चला गेली. मंडळात यावर पुष्कळ कुजबुज झाली म्हणे, मी तेव्हा इथे नव्हते, नाहीतर मीही केली असती. आठवड्यातून एक फोन ठरला, तो सोमवारचा. सानिका आता चोवीस वर्षांची आहे, तिकडेच एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नर्स आहे. फोन अजून सोमवारीच.

या मे महिन्यात पाचशे मैलांची ती सगळ्यांत मोठी शर्यत होती. सोमवारी आमच्याकडे कचऱ्याची गाडी येते. सकाळी साडेसातला मी डबा ओढत बाहेर आले. धुकं असं, की स्वतःचा डबा दिसेना. काकांच्या पडद्याच्या फटीतून मात्र निळा उजेड हलत होता. आता मी काही लोकांच्या घरात डोकावणारी बाई नाही, पण फट होती आणि मी होते. आत टीव्हीवर गाड्या गोल फिरत होत्या आणि आमचे मौनीबाबा कानात बोळे न घालता टीव्हीला नाक लावून उभे होते. पडद्यावर एक चेचलेली गाडी भिंतीशी उभी होती. काकांचे दोन्ही हात डोक्यावर. मग गाडीतून एक हेल्मेट बाहेर आलं, मग हात, मग एकेक पाय. ते पाय जमिनीला लागले तेव्हा काका मटकन सोफ्यावर बसले.

माझं डोकं सणकलं. सहा वर्षं! सहा वर्षं मी जीभ चावून सोमवार काढले, भूपेंद्रभाईंनी क्रिकेटच्या मॅचेस बुडवल्या, लहानग्या मीराला दटावून गप्प बसवलं, आणि हा गृहस्थ पहाटे उठून सगळं बघून परत आमच्यासमोर मौन धरून मिरवतो? दिवसभर ऑफिसात मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. संध्याकाळी थालीपिठं लावली आणि निमित्ताला चार बशीत घेऊन पावणेसहाला त्यांच्या दारात उभी राहिले.

"काका, सकाळी दिवा दिसला," मी म्हटलं.

त्यांनी कानातले बोळे काढले, खिशात ठेवले आणि मला बसायला सांगितलं. मग थालीपिठाचा तुकडा मोडत म्हणाले, सानिका तिकडे गेली तेव्हा फोनवर आमचं काय बोलणं व्हायचं माहीत आहे? शाळा कशी, तर गुड. जेवलीस का, तर येस. ओके बाबा, बाय. दोन मिनिटं. मग त्यांनी शर्यतीची युक्ती काढली. दोघांनी एकाच वेळी बटण दाबायचं, फोन चालू ठेवायचा आणि फेऱ्या मोजायच्या. दोघांनाही निकाल माहीत नाही म्हटल्यावर बोलायला तीन तास मिळाले.

"मग आधी बघता कशाला?" मी विचारलं. माझा राग अजून गेला नव्हता.

"ती तेरा वर्षांची होती," काका म्हणाले. "एक गाडी भिंतीवर गेली, आणि तो चालत बाहेर आलाच नाही. तिकडे ही एकदम गप्प. मला फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता, मेधा. जवळ घ्यायला हात पुरेना. तिने फोन ठेवला आणि पुढचे चार सोमवार उचलला नाही. तेव्हापासून आधी मी बघतो. सगळे चालत बाहेर आले की मगच तिला लावतो. नाहीतर सांगतो, आज नेट बंद आहे, जुनी शर्यत बघू."

मी म्हटलं, अहो, ती इमर्जन्सीत आहे, तुम्ही आम्ही आयुष्यात बघणार नाही ते ती रोज बघते.

"ते तिचं काम. सोमवार माझा आहे," काका म्हणाले. आणि हे सगळं आम्हाला सांगितलं का नाही म्हणून विचारलं, तर नुसते माझ्याकडे बघून हसले. माझ्यापर्यंत आलेली गोष्ट ख्राइस्टचर्चला पोचायला किती वेळ लागतो, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. पुढचं काही बोलायच्या आत सहा वाजले. त्यांनी फोन लावून सोफ्यावर ठेवला, मेधामावशी आली आहे म्हणून सांगितलं, आणि बापलेकीने एकदम "तीन, दोन, एक" म्हणून बटण दाबलं.

मी पाच मिनिटं बसून उठणार होते, ती शेवटपर्यंत बसले. सानिका बोलते ते बरंचसं इंग्रजीत, पण फेऱ्या मात्र मराठीत मोजते. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, कुठे अडखळत नाही. माझी मीरा वीसच्या पुढे जात नाही. थालीपिठं संपली, काकांनी पुन्हा चहा केला, आणि शंभरावी फेरी जवळ आली तसे ते टीव्ही सोडून फोनकडेच बघायला लागले.

"अठ्ठ्याण्णव," सानिका म्हणाली. "एकोणशंभर!"

काकांनी फोनवर पंजा झाकला आणि मला हळूच म्हणाले, "अकरा वर्षांची होती तेव्हापासून असंच म्हणते. तेव्हा चूक काढली असती तर परत इंग्रजीत गेली असती." लाल शाईवाल्या या माणसाच्या चेहऱ्यावर इतका अभिमान मी कधी पाहिला नव्हता.

नट म्हणून मात्र काका अगदीच सुमार. शेवटच्या फेऱ्यांत जावईबापूंची गाडी छान सरळ चाललेली असताना हे "अरेरे, अरेरे" करून डोक्याला हात लावून बसले. गाडी भिंतीवर आदळली ती त्यानंतर. मी ओठ चावून खिडकीबाहेर बघत राहिले. भाऊसाहेब जिंकले, बारक्या एकोणिसावा आला, दोन्ही घरांत आनंदीआनंद झाला. या शर्यतीत जिंकणारा दूध पितो. काकांकडे ते बारक्याच्या नावाने प्यायचं असतं, म्हणून काका दूध आणायला स्वयंपाकघरात गेले.

"मावशी," सोफ्यावरून हळू आवाज आला, "बाबा आत गेला ना? तो मॉर्निंगला बघतो, आय नो. ही गॅस्प्स टू अर्ली, अरेरे आधीच करतो. मी पंधरा वर्षांची होते तेव्हापासून माहीत आहे. नेट बंद म्हणाला की मला कळतं, आज कुणीतरी चालत बाहेर नाही आलं."

मी विचारलं, "मग सांगत का नाहीस त्यांना?"

"मग तो मंडेला काय करेल? मी ड्यूटी स्वॅप करते दर वीकला. तुम्ही नाही ना सांगणार?"

नाही सांगणार, मी म्हटलं. तुला माहीत असल्याचा त्यांना संशय नाही ना आला, असंही विचारलं.

"नव्व्याण्णव टक्के नाही," ती म्हणाली. अगदी स्वच्छ, एकही जोडाक्षर न चुकवता. मी फोनकडे बघतच राहिले. तेवढ्यात काका दोन पेले दूध घेऊन आले आणि काय गप्पा चालल्यात म्हणाले. फोनमधून आवाज आला, काही नाही बाबा, मावशी म्हणते शर्यत हीप्स ऑफ फन होती. मी मान डोलावली आणि एका घोटात दूध संपवलं. मला दूध आवडत नाही.

पुढच्या सोमवारी डेअरीत मी अंडी घेत होते. काका आले, भूपेंद्रभाईंनी रेडिओ बंद केला, काकांनी हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं आणि पाव घेऊन गेले. श्रावणात नमस्कार करणारी ती मुलगी तिथेच होती. तिला कुणीतरी मोटारींच्या शर्यतींचं सांगितलं होतं. तिने मला विचारलं, "मावशी, लोक काहीबाही म्हणतात. खरंच व्रत आहे का हो त्यांचं?"

"हो," मी म्हटलं. "फार कडक पाळतात."

"नक्की?"

"एकोणशंभर टक्के."

ती जरा चमकली. इथे राहून मावशींचं मराठी पार बिघडलं, असं तिला वाटलं असणार. वाटू दे.