चैत्रातला बेकायदेशीर ताप

आमच्या गावात कोणत्या महिन्यात कोणी कशाने आजारी पडायचं, हे सरकारने ठरवून दिलेलं आहे. चावडीच्या भिंतीवर त्याचा तक्ता टांगला आहे. उन्हाळ्याच्या खणात डोळे येणे, ऊन लागणे आणि गोवर. पावसाळ्याच्या खणात हगवण आणि हिवताप. हिवाळ्याच्या खणात खोकला, पडसं आणि म्हाताऱ्यांचा दमा. खाली साहेबाची सही. तक्ता लागला त्या दिवशी गावाने नारळ फोडला. तोवर आम्ही मनाला येईल तेव्हा आजारी पडत होतो, कसली शिस्तच नव्हती.

सन एकोणीसशे चौतीसपर्यंत हा बंदोबस्त सुरळीत चालला. लोकही समजूतदार. तोताराम पाटलाला पौषात हगवण लागली, तर त्याने ती महिनाभर खोकला म्हणून सांगितली आणि खोकल्याचं औषध मुकाट्याने प्याला. पाटलाने कायदा पाळायचा नाही तर कोणी पाळायचा?

मोडता घातला तो आमच्या घराने. चौतीसच्या चैत्रात माझ्या सुनेला, यशोदेला, हिव भरलं. एक दिवस बरी, एक दिवस ताप. तापाच्या दिवशी दुपार झाली की बाई खाटेवर पडायची, अंगावर चार गोधड्या, आणि गोधड्यांसकट खाट हलायची. बाहेर उन्हाने कावळे चोची वासून बसलेले. दोन पाळ्या तिने काढल्या. तिसरीत डोळे पांढरे केले. चौथी परवा यायची होती, आणि चौथी ती झेलणार नाही हे सांगायला वैद्य लागत नव्हता.

मी मुलाला, चिंधाला, घेतलं आणि चावडी गाठली. तिथे रतिलाल बसतो. धुळ्याचा माणूस, चैत्रातही कोट घालतो. तो औषधं वाटणारा कारकून.

"रतिलालभाऊ, क्विनाइनच्या पुड्या द्या. सुनेला हिव भरलंय."

त्याने तक्त्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहायचं त्याला कारण नव्हतं.

"चैत्र आहे, आक्का. हिवताप श्रावणात उघडतो."

"तिला तर आत्ता आलाय."

"आला असेल. पण तो हिवताप नव्हे. चैत्रात ऊन लागतं. ही उन्हाची पुडी न्या. कैरीच्या पन्ह्यातून द्या."

"ऊन लागलेलं माणूस चार गोधड्या मागतं का हो?"

"ते रोग्याचं मत झालं. रोग्याच्या मताला रकाना नाही."

माझी जीभ मग घरच्या बोलीवर आली. "मन्ही सून मरी रायनी, नि तू माले भिंत दखाडस?"

"मरणाचं तसं नाही," रतिलाल शांतपणे म्हणाला. "मरण बाराही महिने चालतं. त्याची वही वेगळी आहे."

चिंधाने मूठ वळली. मी त्याचा सदरा मागून धरला. रतिलाल माणूस वाईट नव्हता. त्याने नियमांचं पुस्तक काढलं, बोट फिरवलं आणि एक फट शोधून दिली. चावडीच्या आवारात पाऊस मोजायचं नळकांडं पुरलेलं आहे. कलम सात असं म्हणतं, की त्यात कोणत्याही महिन्यात दोन इंच पाणी साठलं, तर त्या गावापुरता पावसाळा सुरू झाला असं समजावं. पावसाळा सुरू झाला की हिवताप कायदेशीर. हिवताप कायदेशीर झाला की क्विनाइनची पेटी नदीपलीकडच्या कचेरीतून रवाना.

"आता पाऊस पडेल तर बघा," तो म्हणाला आणि वर पाहिलं. आभाळात ढगाचं पोरही नव्हतं.

बघायचं काय त्यात? दिवेलागणीआधी मी विहिरीवरून तांब्या भरून आणला आणि नळकांड्यात पावसाळा ओतला. दोन इंच म्हणजे किती ते मला काय ठाऊक. सुनेच्या जिवाचा प्रश्न, हात कशाला आखडता घ्यायचा, म्हणून पुरता तांब्या ओतला. चिंधाला वाटलं, माय पाण्याच्या बाबतीत चिक्कू. तो माझ्या मागून गेला आणि न सांगता आणखी एक तांब्या ओतून आला.

सकाळी रतिलालने माप काढलं. नऊ इंच.

आवारातली धूळ पायाला चटके देत होती. रतिलालने धुळीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, मापाकडे पाहिलं. तिन्हींपैकी सरकारी एकच होतं.

"काल फार पडला," तो म्हणाला.

"झोडपलं बघा," मी म्हणाले.

त्याने अहवाल लिहिला. नऊ इंच, अतिवृष्टी, हिवताप सुरू, क्विनाइन तातडीने पाठवावे. शिपाई तो कागद घेऊन तापी ओलांडून गेला. जाताना नदीच्या वाळूतल्या खरबुजांच्या डांगरवाडीत टेकला, एक डांगर फोडून खाल्लं आणि तोंड पुसून अतिवृष्टीची बातमी पोचवायला पुढे निघाला.

कचेरीची तत्परता वाखाणावी तेवढी थोडी. दुपारच्या आत हुकूम घेऊन शिपाई परतलाही. क्विनाइनची पेटी कंपाउंडर भटू याच्याबरोबर रवाना झाली होती. खाली आणखी दोन ओळी होत्या. त्या रतिलालने उभं राहून वाचल्या. नऊ इंच पाऊस झाला त्या अर्थी तापीला पूर असणार. सबब सरकारी नोकराने नदी ओलांडू नये, पाणी ओसरेपर्यंत पेटीसह पलीकडच्या काठावर थांबावे.

"पाणी कधी ओसरतं?" मी विचारलं.

"नऊ इंचांचा पूर तीन दिवस धरतात."

चौथी पाळी उद्या होती.

बाहेर आल्यावर चिंधा खाली मान घालून म्हणाला, "माय, दुसरा तांब्या माझा. आत जाऊन खरं सांगू का?"

"सांग की. पाऊस खोटा ठरला की पावसाळा खोटा. पावसाळा खोटा ठरला की ताप खोटा. मग पेटी परत जाईल, आणि तुझ्या बायकोला उन्हाची पुडी. जा, सांग."

त्याला मी खाटेजवळ बसवलं आणि पदर खोचून नदीवर गेले. तापीला घोट्याएवढी धार होती. तीही काठाकाठाने, चोरासारखी. बाकी सगळी वाळू. पलीकडे बाभळीखाली भटू कंपाउंडर छत्री उघडून बसला होता, मांडीशी पेटी.

मला बघून तो दचकला. "आक्का, तुम्ही कुठून आलात?"

"पलीकडून."

"पलीकडून येता येत नाही. पूर आहे."

"मग मी काय बुडून आले?"

"कागदोपत्री, हो."

मी हात पुढे केला. तो कसनुसा झाला. औषध रोग्याच्या खाटेशी उभं राहून द्यायचं असा नियम. खाटेशी जायचं तर पूर. पुरात उतरायचं तर नोकरी. "मन्हा बी पोटपानीना सवाल शे, आक्का," तो हळूच म्हणाला. माणूस आमच्याच बोलीचा निघाला, पण हुकूम मराठीत होता.

अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी पेटी उचलली, डोक्यावर घेतली आणि चालू लागले.

"आक्का! पेटी!"

"तुन्ही पेटी पुरमा वाही चालनी, भटूभाऊ! धर!"

भटू क्षणभर उभा राहिला. पुरात उतरल्याबद्दल काय शिक्षा ते त्याला माहीत होतं, पेटी गेल्याबद्दल काय तेही माहीत होतं, आणि दुसरी मोठी होती. त्याने वहाणा काढल्या, धोतर गुडघ्यावर घेतलं आणि वाळूतून माझ्यामागे पळत सुटला. त्याने पुढे लिहून दिलेल्या जबानीत म्हटलं आहे, की ‘सरकारी पेटी प्रवाहात सापडल्याचे पाहून मी जिवाची पर्वा न करता उडी घेतली.’ त्याला कचेरीने शाबासकीचं पत्र दिलं. पत्रात पोहण्याची विशेष तारीफ आहे.

ते असो. त्याने पुड्या मोजून दिल्या, दोन माझ्यासमोर यशोदेला पाजल्या, बाकीच्या कधी द्यायच्या ते चिंधाकडून तीनदा वदवून घेतलं, आणि पूर ओसरेपर्यंत परत कसा जाणार म्हणून आमच्याच ओसरीवर राहिला. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तशी आम्ही खाटेकडे बघत बसलो. गोधड्या घडी करून जवळ ठेवलेल्या. तापाची वेळ आली. यशोदेचे हात गार पडले, ओठ थोडे हलले. चिंधा उठून बाहेर गेला, परत आत आला. मग ती वेळ टळली. चार वाजता ती डोळे उघडून म्हणाली, "आत्याबाई, कळण्याची भाकर शे का?"

मी तिला म्हटलं, चार दिवस खाट अडवलीस आणि आता भाकर मागतेस? आणि चुलीकडे गेले. धूर फार होता.

भटू हात धुवायला न्हाणीकडे गेला तो बराच वेळ आलाच नाही. बघते तर रांजणावर वाकलेला.

"आक्का, यात काय वळवळतंय?"

"पाण्यातले किडे. असतात."

"हे डासांचे. हिवताप हवेतून येत नाही, हे चावतात त्यातून येतो. भुसावळला रेल्वेच्या वसाहतीत आम्ही दर आठवड्याला सगळी भांडी पालथी घालायचो. हा रांजण आत्ताच्या आत्ता ओता."

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. एवढा शिकलेला माणूस!

"भटूभाऊ, चैत्र आहे. डास पावसाळ्यात होतात."

"हे काय मग?"

"आणि चैत्रात भरला रांजण कोणी ओततं का? विहीर किती खोल गेलीय माहिती आहे का? पावसाळा लागला की ओतू."

तो छत्री घेऊन पुरात उतरला.

वैशाखात चिंधाला हिव भरलं. मी सगळ्यांना सांगितलं, हवा बदललीय, वारं बाधलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. हवा कोणाच्या घरची नसते, तिला नावं ठेवली तर कोणाला राग येत नाही.

तुम्ही रतिलालला हसलात ते बरं केलंत. मात्र हे वाचता वाचता मघाशी मानेवरच्या डासाला एक चापट मारलीत, ती कोणत्या महिन्यात मारलीत ते जरा बघून ठेवा. उद्या अंगात कसकस आली की तुम्ही वारं बाधलं म्हणून आधी खिडकी लावून घ्याल.