पाखऱ्याची बाराखडी

"चंपतबुवा, तुमची पोरगी मुकी हाय का?" नानाजी मास्तरांनी मालेगावच्या भर बाजारात विचारलं. वांग्यांच्या पाटीमागे बसलेल्या चंपतने नेहमीचंच उत्तर दिलं, "हं?"

"अक्षरं ओळखते, पण वाच म्हटलं का तोंडाले कुलूप! अहो, जो शब्द तोंडातच खेळला नाही, तो पाटीवर काय ओळखू येईन? घरी कोणी बोलत नाही काय तिच्यासंग?"

आता काय सांगावं! चंपतच्या घरात बोलणं म्हणजे मिठासारखं, चिमूटभर. पाणी हवं असलं की हा तांब्या वाजवणार. बायकोने, आवडाबाईने, गावभरच्या गोष्टी सांगितल्या की हा "हं" म्हणणार. शेवटी थकून तीही गप्प झाली. मग पोरीने बोलणं आणावं कुठून, हाटातून?

"पुढच्या महिन्यात शाळा तपासाले दिपोटीसाहेब येऊन राह्यले. तवा वाचलं नाही, त नाव कापा लागते. मंग बसवा तिले वावरात निंदाले."

चंपतची मान खाली गेली. शेजारच्या मिरचीवाल्या रुपाबाईने सगळं ऐकलं होतं, म्हणजे अर्ध्या बाजाराने ऐकलं. लेकीला शाळेत घालायचा हट्ट आवडाबाईचा. "माह्यासारखी अंगठाबहाद्दर नोको राहू देऊ तिले," एवढं एकच मागणं तिने नवऱ्याकडे केलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून चंपत पोरीला, अंजनाला, शाळेआधी मळ्यात नेऊ लागला. तिला मोटेजवळ बसवून त्याने घसा खाकरला.

"जेवली?"

"हं."

झालं! संपली विद्या! तेवढ्यात पाखऱ्या बैल उतारावर अडला आणि चंपतची जीभ सुटली. "थांबला काहून रे माह्या राजा? चाल बरं, माह्या वाघा! पाय दुखून राह्यला का? सरकीची ढेप चारतो तुले सांजच्याले. अबे चाल ना, आळशाच्या पोटच्या! वांगे वाळून राह्यले तिकडं, ते काय तुह्या सासऱ्याचे हायेत?"

अंजना खुदकन हसली. बैलांशी तो रोज असाच बोलायचा, पण ते ऐकायला आजवर घरचं कोणी नव्हतं. पोर आधी त्याच्यामागून बोलू लागली, मग त्याच्याही आधी. शाळेत तोंड उघडलं, तेही पाखऱ्याच्याच गोष्टी सांगायला. मास्तरांनी पाटीवर 'पाखऱ्या' लिहिलं, तर तिने ते वाचलं आणि खाली आपल्या हाताने 'राजा' लिहिलं. मास्तर बघतच राहिले.

तपासणीच्या दिवशी गाव शाळेच्या दाराशी जमलं. धिप्पाड दिपोटीसाहेब जोडे काढायला उंबऱ्यात थांबले, तोच पहिल्या ओळीतून आवाज आला, "थांबला काहून रे माह्या वाघा? चाल, ढेप चारतो तुले!"

मास्तरांना घाम फुटला. धरणीने पोटात घ्यावं, असं चंपतला झालं. साहेबांनी तिच्या हातात पुस्तक दिलं. अंजना घडाघडा वाचू लागली. मध्येच एका जोडाक्षरावर अडली. "अबे चाल ना, आळशाच्या पोटच्या!" तिने अक्षराला दम भरला आणि पुढे गेली.

साहेबांना हसू आवरेना. "बोलायला कोणी शिकवलं गं?"

"बानं."

"घरी खूप बोलतात वाटतं बाबा?"

"घरी नाही. पाखऱ्यासंग बोलते."

"आणि आईशी?"

अंजनाने जरा आठवून पाहिलं. "मायले 'हं' म्हणते."

शाळा खो खो हसली. रुपाबाई तर भिंतीला टेकली. आवडाबाई तेवढी हसली नाही, तिने पदर कपाळावर ओढून घेतला. ते चंपतने पाहिलं. मास्तर त्याची पाठ थोपटत होते, "पास झाली, चंपतबुवा! पास!" पण त्याच्या कानात काही शिरेना. बैलाला राजा म्हणणारा गडी, आणि बायकोसाठी त्याच्याकडे एक शब्द नसावा! अशी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

सांजच्याला आवडाबाई भाकरी थापत होती. चंपत चुलीपाशी उकिडवा बसला. घसा खाकरला, पुन्हा खाकरला, पण शब्द काही येईना.

"थांबला काहून बा?" कोपऱ्यातून अंजना म्हणाली. "चाल ना."

चंपत लाजेने लालबुंद झाला. होते नव्हते तेवढे शब्द त्याने गोळा केले. "दमली का व... माह्या वाघा?"

भाकरीवरचा हात थांबला. आवडाबाईने वर पाहिलं नाही. पदराआड हसू दाबत तिने भाकर उलटली आणि सावकाश म्हणाली, "हं."