एका सहीची सात अ‍ॅप्सवर घेतलेली चाचणी

माणसाच्या हातून कामे का होत नाहीत, याची पूर्वी दोनच कारणे मानली जात : आळस आणि विसराळूपणा. दोन्हींत थोडी लाज होती, त्यामुळे कामे अधूनमधून होऊन जात. पुढे तिसरे कारण उघडकीस आले, ते म्हणजे योग्य अ‍ॅप नसणे. यात लाज अजिबात नाही. ज्याच्याकडे योग्य अ‍ॅप नाही तो माणूस आळशी नसून वंचित ठरतो, आणि वंचिताला कुणी टाकून बोलत नाही (त्याची बायको सोडून).

वजनमाप निरीक्षकांना आपण वंचित आहोत हे एका मंगळवारी संध्याकाळी कळले.

वजनमाप निरीक्षक म्हणजे दुकानांतले काटे खरे बोलतात की खोटे, हे तपासणारा अधिकारी. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अकरा हजारांवर काटे तपासले होते. भाजीवाली त्यांना वांगी तोलून देताना काट्याकडे न बघता त्यांच्या चेहऱ्याकडे बघे. घरी चहात साखर घालण्यापूर्वी ते चमचा बोटाने सपाट करून घेत. असा माणूस कुठलीही गोष्ट पहिली दिसली म्हणून उचलत नाही. तो तुलना करतो. त्यांच्या लग्नालाही त्यामुळे चार वर्षे उशीर झाला होता.

त्या मंगळवारी त्यांच्या मुलीने एक कागद आणून टेबलावर ठेवला. जहाजांचे आराखडे काढायला शिकवणाऱ्या संस्थेत तिची निवड झाली होती. जागा चाळीस, अर्ज आठ हजार, तिचा क्रमांक एकोणचाळीस. चौथीपासून ही मुलगी वहीच्या मागच्या पानावर जहाजेच काढत आली होती, आणि आता कुणीतरी तिला ती पुढच्या पानावर काढू देणार होते. मात्र तिच्या वयाला अठरा पुरी व्हायला सव्वीस दिवस कमी पडत होते, म्हणून पालकाचे संमतिपत्र हवे होते. अर्जात पालक म्हणून वडिलांचे नाव होते, तेव्हा सही वडिलांचीच. दोन प्रती, दोन सह्या. शुक्रवारी पाच वाजता संस्थेची खिडकी बंद होणार, आणि तोवर कागद आला नाही तर जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या मुलीला जाणार.

"बाबा, सही करून ठेव हं," मुलगी म्हणाली.

"ठेवतो," निरीक्षक म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. लेकीचा त्यांना कोण अभिमान होता. इतका, की ही सही नेहमीसारखी उरकून टाकायची नाही, व्यवस्थित नियोजन करून करायची, असे त्यांनी तिथल्या तिथे ठरवले. नियोजनासाठी अ‍ॅप घ्यावे म्हणून त्यांनी फोन उघडला, तर त्र्याहत्तर अ‍ॅप्स समोर आली. त्यांतली सात निवडायला त्यांना आणखी एक अ‍ॅप घ्यावे लागले (ते मोजणीत धरलेले नाही). दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कार्यालयात तीन दिवसांच्या रजेचा अर्ज पाठवला. कारण : वेळेची बचत.

आता काटे तपासण्याची पद्धत कशी असते, हे सांगणे भाग आहे. एक प्रमाण वजन असते. ते मखमलीच्या पेटीत ठेवतात, चिमट्याने उचलतात, काट्यावर ठेवतात, काटा काय म्हणतो ते लिहून घेतात आणि वजन परत पेटीत. असे तीनदा, मग सरासरी. वजन तेच, काटे वेगवेगळे, म्हणून तुलना न्याय्य. प्रमाण वजनाने कुणी कधी बटाटे तोलत नाही. तोलले तर ते झिजते, आणि झिजले की ते प्रमाण राहत नाही, नुसते पितळ राहते.

अ‍ॅप्सची तुलना करायची तर सगळ्यांत एकच काम घालायला हवे, हे ओघानेच आले. ते काम लहान, आटोपशीर आणि स्पष्ट हवे. 'संमतिपत्रावर सही करणे' यापेक्षा सुबक काम घरात दुसरे नव्हते. आणि चाचणी पुरी होईपर्यंत ते काम होता कामा नये, हेही ओघानेच आले.

बुधवारी सकाळी टेबल पुसताना पत्नीने तो कागद उचलला.

"अगं, हात लावू नकोस त्याला!"

"का? ओला आहे?"

"ते प्रमाण काम आहे."

"हे पोरीचं संमतिपत्र आहे. खाली टिंबं टिंबं आहेत, त्यावर सही करायचीय."

"करणार आहे. चाचणी झाल्यावर. मध्येच झालं तर सगळी वाचनं बाद होतात."

"अहो, चार अक्षरं खरडायची आहेत तुम्हाला!"

"म्हणूनच तर निवडलं."

पत्नीने कागद होता तिथे ठेवला. बावीस वर्षे संसार केलेल्या बाईला कुठे भांडून उपयोग आहे आणि कुठे नुसता घसा बसतो, हे कळते. ती मुलीच्या खोलीत गेली आणि दोघी बराच वेळ दार लावून बोलत बसल्या.

चाचणीतली निरीक्षणे निरीक्षकांच्या वहीत आहेत. त्यांतली निवडक अशी :

पहिले अ‍ॅप घंटेचे. दर पाच मिनिटांनी ते कामाची आठवण करून देते. अनुभव अत्यंत समाधानकारक. पहिल्या दिवशी एकशे त्रेचाळीस वेळा आठवण झाली. आठवण बंद करण्यात सरासरी दोन मिनिटे जात असल्याने, आठवलेले काम करायला मध्ये तीनच मिनिटे उरतात, आणि त्यांत माणसाने श्वास घ्यावा ही माफक अपेक्षा आहे.

दुसरे रोपट्याचे. काम लांबले की पडद्यावरचे रोपटे कोमेजते. बुधवारी दुपारी त्याचे पहिले पान गळले तेव्हा निरीक्षकांना घास गेला नाही. त्याला जगवण्यासाठी छोटी छोटी इतर कामे करून दाखवावी लागतात, म्हणून त्यांनी दिवसभरात पायपोस झटकणे, दार लावणे, दार उघडणे अशी एकतीस कामे नोंदवून पार पाडली. रोपट्याला कळी आली. (गॅलरीतली खरी तुळस याच काळात वाळली, परंतु ती चाचणीच्या कक्षेत येत नाही.)

तिसरे अ‍ॅप मोठ्या कामाचे लहान तुकडे करते. सहीचे तेवीस तुकडे झाले. 'खुर्चीत बसणे' हे 'पेन आणणे' झाल्याशिवाय सुरू होईना, 'पेन आणणे' हे 'खुर्चीतून उठणे' झाल्याशिवाय सुरू होईना, आणि जो बसलेलाच नाही तो उठला अशी खूण अ‍ॅप मान्य करीना. निरीक्षक पाऊण तास भिंतीला टेकून उभे होते. कंपनीला कळवले असता पुढच्या आवृत्तीत स्टूल देण्यात येईल असे उत्तर आले.

चौथे कार्यालयीन धर्तीचे. यात एकाने काम सोपवायचे, दुसऱ्याने करायचे, तिसऱ्याने मंजुरी द्यायची. घरातले बाकी कुणी सहभागी व्हायला तयार नसल्याने तिन्ही जागी निरीक्षकांनी स्वतःचेच नाव घातले. त्यांनी स्वतःकडे सहीची परवानगी मागितली. मंजुरी अधिकारी म्हणून त्यांनी ती 'कारण स्पष्ट करावे' असा शेरा मारून परत पाठवली. अर्जदार म्हणून त्यांना हे लागले. त्यांनी जरा तिखट उत्तर लिहिले. त्यावर अधिकाऱ्याने भाषेबद्दल समज दिली. गुरुवारी दुपारपर्यंत दोघांचे बोलणे बंद होते.

पाचवे अ‍ॅप काम सुरू करण्याआधी 'आज कसे वाटते आहे?' असे विचारते आणि पाच चेहरे दाखवते. निरीक्षक प्रामाणिक माणूस. दुसरा चेहरा की तिसरा, यावर चाळीस मिनिटे विचार करून त्यांनी तिसरा दाबला. अ‍ॅपने आज विश्रांती घ्या असे सुचवले. सूचनेची अंमलबजावणी तत्काळ झाली.

सहाव्यात कामे करणाऱ्यांची जागतिक क्रमवारी असते आणि पहिल्याला मुकुट मिळतो. त्या वेळी मुकुट ज्याच्याकडे होता त्याने एका दिवसात सहाशे बारा कामे केली होती; पैकी पाचशे नव्वद 'डोळे मिटणे' आणि 'डोळे उघडणे' ही होती. निरीक्षकांनी त्याच्याविरुद्ध रीतसर तक्रार दाखल केली. तक्रार दाखल करणे हे काम धरले जाऊन ते स्वतः तीन लाखाव्या क्रमांकावर आले.

सातव्या अ‍ॅपमध्ये नुसता पांढरा पडदा आहे. काम कुठे लिहायचे ते शेवटपर्यंत सापडले नाही. मनःशांती या निकषावर पैकीच्या पैकी गुण.

तुलनेत अ‍ॅपविरहित पद्धतीचाही एक नमुना असावा म्हणून त्यांनी कार्यालयातल्या आवक-जावक विभागाच्या बाईंना फोन लावला. या बाईंकडे गेल्या चौदा वर्षांत एकही पत्र पडून राहिलेले नव्हते.

"बाई, तुम्ही कामं लक्षात कशी ठेवता हो?"

"तळहातावर लिहिते की, साहेब. बॉलपेनानं."

"आणि हात धुतला की?"

"काम झाल्याशिवाय धुवतच नाही."

निरीक्षकांनी वहीत नोंदवले : आरोग्यास अपायकारक.

गुरुवारी प्रतीक्षायादीतल्या पहिल्या मुलीचा फोन आला. तिने निरीक्षकांच्या मुलीच्या तब्येतीची आपुलकीने चौकशी केली, ती ठीक असल्याचे ऐकून जराशी हिरमुसली, आणि 'वडिलांनी सही केली का गं?' असे जाता जाता विचारले. फोन ठेवल्यावर मुलगी बाबांच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, मी जाऊ नये असं वाटतंय का तुला? तसं असेल तर सांग सरळ."

"वेडी आहेस का? तू जायचंच. दुसरं वाचन झालंय, उद्या तिसरं. मग सरासरी काढली की सही."

मुलीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. त्या पाहण्यात राग होता, पण एखादा काटा नेमका कुठे अडकतो ते शोधणाऱ्या माणसाची नजरही होती. ही नजर तिला कुणाकडून मिळाली ते सांगायला नको.

शुक्रवारी चारपर्यंत तिसऱ्या वाचनातली चार अ‍ॅप्स झाली होती, तीन बाकी होती. सव्वाचारला साती अ‍ॅप्सनी मुदत जवळ आल्याची सूचना एकदम दिली आणि फोन टेबलावरून सरपटत कडेपर्यंत गेला. खाली पत्नी स्कूटर चालू करून उभी होती आणि दर अर्ध्या मिनिटाने हॉर्न वाजवत होती. निरीक्षकांनी तोही आवाज वहीत टिपून घेतला.

मुलगी आत आली. रडली नाही, ओरडली नाही. हातात दोन पेने होती.

"बाबा, एक विचारू? हे निळं आणि हे काळं. यातलं चांगलं कुठलं? मला तर दोन्ही सारखीच वाटतात."

निरीक्षकांनी तीन दिवसांत पहिल्यांदाच फोन पालथा ठेवला.

"सारखी कधीच नसतात," ते म्हणाले. "कागद दे."

कागद तिने आधीच समोर धरला होता. वरचा भाग मागे दुमडलेला, दिसत होती ती फक्त टिंबांची ओळ.

"काय लिहू?"

"हात बसलेला असेल असं काहीही. उगीच विचार करायला नको."

"मग सहीच बरी." त्यांनी निळ्या पेनाने झोकदार सही केली, कागद उजेडात धरून शाई पाहिली. "काळ्यासाठी दुसरा कागद हवा. अगदी याच जातीचा. नाहीतर तुलनेला अर्थ नाही."

"हा घे," मुलगी म्हणाली. दुसरी प्रत तयारच होती.

काळ्या पेनाची सही झाली. "निळं सरस," निरीक्षक म्हणाले. "काळं वळणावर अडखळतं. पण एवढ्यावर निकाल देऊ नये, तीनदा..."

मुलगी जिन्यात पोचली होती. हॉर्न बंद झाला.

चार त्रेपन्नला पत्नीचा फोन आला. मागे मुलगी हसत होती की रडत होती, नीट कळत नव्हते.

"दिला कागद! घेतला त्यांनी!"

"कुठला कागद?"

"अहो, सहीचा!"

निरीक्षकांनी टेबलाकडे पाहिले. टेबलावर दोन पेने होती, मध्ये रिकामी जागा. प्रमाण वजनाने कुणीतरी बटाटे तोलले होते. मग त्यांना एकोणचाळिसावा क्रमांक आठवला, वहीच्या मागच्या पानांवरची जहाजे आठवली, आणि फार आनंद झाला. तो त्यांनी मोजला नाही.

अहवाल मात्र द्यावाच लागतो. त्यात त्यांनी नमूद केले आहे की, प्रमाण काम चाचणीदरम्यान अनधिकृतरीत्या पूर्ण झाल्याने सर्व वाचने रद्द समजावीत. अ‍ॅप्सच्या नोंदींनुसार ते अद्याप झालेले नाही, यावरून अ‍ॅप्सची सचोटी वादातीत आहे. आणि संपूर्ण चाचणी नव्याने घेण्यात यावी.

अडचण एकच आहे. नव्या चाचणीसाठी नवे प्रमाण काम हवे, आणि सहीसारखे कच्चे काम आता चालणार नाही. ते लहान हवे, फार तर अर्ध्या तासाचे. पण मुरलेले हवे. किमान दोन वर्षे न झालेले, घरातल्या कुणीही परस्पर उरकून टाकण्याचा संभव नसलेले, आणि मालक ज्याच्याबद्दल 'या रविवारी नक्की' असे अधूनमधून म्हणत असतो असे. निरीक्षकांच्या मते असे उत्तम स्थितीतले काम प्रत्येक सुशिक्षित माणसाकडे एक तरी असते. आत्ता, हे वाक्य वाचताना, तुम्हाला जे आठवले आणि आठवताच ज्याच्यावरून तुम्ही नजर काढून घाईघाईने या ओळीवर आणलीत, तेच. निरीक्षक ते घ्यायला लवकरच येतील. तोवर कृपया त्याला हात लावू नये.

(हे त्यांनी अहवालात लिहिले होते, मग खोडले. तुमच्या बाबतीत सूचनेची गरज नाही, असे त्यांचे मत पडले.)