पानामास्तर प्रोसेसर बदलतात

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी उभे आहात त्यांनीही आत या. गोष्ट लहानशीच आहे, पण ती चार जणांत ऐकली की गोड लागते.

एक होते भूगोलाचे मास्तर. घरातली कुठलीही वस्तू जरा कुरकुरली की ते पाना घेऊन ती उघडायला बसत, म्हणून सगळी गल्ली त्यांना पानामास्तर म्हणे. देवानं हात दिले ते जोडायला, पण मास्तरांचे हात सुटं करण्यातच रमायचे. नवरा-बायकोनं हौसेनं एकसारखे दोन लॅपटॉप घेतले होते. त्यातला मास्तरांचा त्यांच्याच हातून देवाघरी गेला आणि कपाटात विसावला. बाईंचा अजून चालू होता, कारण मास्तर त्याच्यापर्यंत पोचले नव्हते.

बाई भाषांतर करत. एक जाडजूड कादंबरी पुरी होत आली होती आणि ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रकाशकाकडे जायची होती.

"फार रखडतो हो हा," त्या सहज बोलून गेल्या.

"प्रोसेसर थकलाय. नवा बसवू," मास्तर म्हणाले. "जुन्या डेस्कटॉपचा मीच बदलला होता की."

"तो नंतर कधी सुरू झाला?"

"तो मुद्दा वेगळा."

"पुस्तक जाईपर्यंत हात लावायचा नाही. सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी बाई ग्रंथालयात गेल्या. टेबलावर बाईंच्या फुलाफुलांच्या कापडी पिशवीत लॅपटॉप होता आणि मास्तरांच्या खिशात जुन्या बाजारातून आणलेला प्रोसेसर. बिचाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. ती येईल, बटण दाबेल, पान झर्रकन उघडेल आणि ती आपल्याकडे कौतुकानं बघेल, एवढंच त्यांना हवं होतं.

स्क्रू वाटीत पडले. झाकण निघालं, पंखा निघाला, तांब्याची पट्टी निघाली. खाली एक चकाकता चौकोन होता. डेस्कटॉपात दांडी उचलली की प्रोसेसर हातात यायचा. इथं दांडीच नव्हती. मास्तरांनी नख लावलं, मग फूटपट्टी, मग भाजीची सुरी. पण ध्यानाला बसलेला जीव आसन सोडत नाही, तसा तो ढिम्म हलेना. शेवटी सुरीच सटकली आणि कीबोर्डची पातळ पट्टी कापून गेली.

मास्तरांनी घाईघाईनं सगळं परत जोडलं. तीन स्क्रू उरले. बटण दाबलं, तर काळोख. त्यांनी मेहुण्याला फोन लावला. त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं.

"निघत नाही रे तो."

"निघणार कसा, भाऊजी? हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपांत तो बोर्डालाच डाग देऊन, सोल्डर करून बसवतात. जुन्या काहींत निघायचा."

"मग मालकानं बदलायचं तरी काय?"

"मेमरी, डिस्क बऱ्याचदा बदलता येते. आणि स्वभाव, जमला तर."

"चेष्टा पुरे. आता तो चालूच होत नाहीये."

"उघडण्याआधी चालू करून बघितला होता?"

"कशाला? रखडतो हे माहीतच होतं."

पलीकडे मेहुणा बराच वेळ खोकत राहिला.

दार वाजलं. बाई आत आल्या. मास्तरांनी काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, पण तोंडून एवढंच निघालं, "अगं, तुझं पुस्तक गेलं. माझ्यामुळे गेलं."

"गेलं की. आत्ताच पाठवलं." बाईंनी खांद्यावरच्या पिशवीतून आपला लॅपटॉप काढला.

मास्तर एकदा त्याच्याकडे, एकदा टेबलाकडे बघत राहिले. "मग हा?"

"तुमचाच. कपाटातला. काल तुमच्या उशाशी नवा स्क्रूड्रायव्हर दिसला, तेव्हाच हा माझ्या पिशवीत घालून ठेवला. त्याची मेमरी भावानं माझ्यात बसवून दिलीय. आता पळतोय नुसता."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला आणि मग त्यांना राग आला. "म्हणजे माझ्यावर विश्वासच नाही तुझा."

"आहे ना. तुम्ही उघडणारच, यावर पूर्ण विश्वास होता." त्यांनी वाटीतले स्क्रू मास्तरांच्या हातावर ठेवले. "घ्या. पुढच्या वेळी लागतील."

तर मंडळी, रागावण्याआधीच ज्या माउलीनं क्षमेची तयारी करून ठेवली, तिची आठवण असू द्या. निदान हातात स्क्रूड्रायव्हर असताना तरी.