आत्याने ऐकलेला फोटो

दातांच्या डॉक्टरांची वेबसाइट तयार झाली. फोटोंची वर्णनं तेवढी राहिली. ज्यांना दिसत नाही त्यांना कॉम्प्युटर ही वर्णनं वाचून दाखवतो, पडद्यावर मात्र ती कोणाला दिसत नाहीत. वेबसाइट करणाऱ्याचा आणि शब्दांचा छत्तीसचा आकडा. त्याने ते काम बायकोच्या गळ्यात मारलं.

"काय लिहू?"

"दिसतंय ते लिही. आत्याला सांगतेस ना, तसं."

त्याच्या अंध आत्याला ती दिसेल ते सगळंच सांगायची. हे नवऱ्याच्या लक्षात आलं नाही आणि तिने लिहिलेलं वाचून बघण्याची तसदीही त्याने घेतली नाही.

वेबसाइट तपासायला तो आत्यालाच दवाखान्यात घेऊन गेला. ती जन्मापासून अंध. तिच्याहून पक्का परीक्षक कुठून आणायचा? डॉक्टर खुशीत होते. "आवाज वाढवा की! बाहेर बसलेल्यांनाही कळू दे, आपण किती पुढे गेलोय ते."

लॅपटॉप खणखणीत बोलू लागला, "फोटो. डॉक्टर बसले आहेत. पोट टेबलाला टेकलं आहे. कानाजवळचे केस ओढून डोक्यावर पसरले आहेत. तोंड हसतंय, डोळे मात्र घाबरलेले. जणू यांचीच दाढ काढायची आहे."

बाहेर कोणीतरी फिस्सकन हसलं. भाच्याने झडप घालून भलतंच बटण दाबलं. वाचन पहिल्यापासून सुरू झालं.

"केसांचं काय म्हटलं?" बाहेरून एका आजोबांनी विचारलं. लॅपटॉपने तेही पुन्हा सांगितलं.

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. हातचं काम गेलं, हे भाच्याने ओळखलं. "आत्ताच काढतो, सर! नुसतं 'डॉक्टर' लिहितो."

"खबरदार!" आत्या म्हणाली. "बाकीच्या वेबसाइट मला 'फोटो एक, फोटो दोन' ऐकवतात. आज पहिल्यांदा फोटोत माणूस भेटला." मग तिने हळूच गालाला हात लावला. "डॉक्टर, ही दाढ महिनाभर ठणकतेय. भीतीपोटी घरात बोलले नाही. पण जो स्वतःच घाबरतो, तो हात हलका ठेवेल. कुठं बसू?"

डॉक्टरांनी तिला हात धरून खुर्चीत बसवलं, हत्यार उचललं, आणि मग राहवेना म्हणून तिच्या कानाशी वाकले.

"आत्या, खरं सांगा. एवढा घाबरट दिसतो मी?"

"मला काय विचारता?" आत्या म्हणाली. "मला कुठं दिसतंय!"

आणि तिने मोठ्ठा आ केला.