विल्यमची पिन आणि पोटदुखी

अल नस्र भागात मॅल्कमच्या फ्लॅटवर जेवायला जायचं म्हटलं की विल्यमचं पोट आधीच दुखू लागे, आणि त्यात विंदालूचा काही दोष नव्हता. दुखणं होतं भिंतीवरच्या मखमली चौकटीचं. तिच्यात अमेरिकन कॉलेजांतल्या विद्यार्थी मंडळांच्या, मेंबरांनी छातीवर लावायच्या चाळीस सोनेरी पिना होत्या. दोघे वसईचे, इथं आखातात ऑफिस एक, हुद्दा सारखा; मग कौतुक त्या एकट्याचंच का?

"मेंबर मेला की पोरं पिन विकून टाकतात," मॅल्कम विल्यमच्या बायकोला, लिझीला, समजावत होता. "कोणी सोन्यासाठी घेतं, कोणी माझ्यासारखं हौसेनं. मंडळवाले तर परक्याच्या अंगावर नको म्हणून शोधून शोधून परत नेतात."

"किती नॉलेज आहे ना त्याला," परतताना लिझी म्हणाली. "तू काय जमवतोस? हॉटेलातले साबण."

विल्यमच्या ते जिव्हारी लागलं. लिझीनं एकदा तरी आपल्याबद्दल असं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यानं ऑनलाइन हुडकून मोती जडवलेली पिन मागवली आणि मॅल्कमला दिसेल अशी कोटावर लावून ऑफिसात गेला.

दिसली ती नव्या अमेरिकन डायरेक्टर मॅडमना.

"तुम्ही या मंडळाचे मेंबर?"

मॅल्कम ऐकत होता. विल्यम म्हणाला, "कॉलेजपासून."

"नवल आहे. हे मंडळ फक्त मुलींचं, आम्ही सगळ्या एकमेकींना बहिणी म्हणतो. मीही त्यातलीच."

ऑफिस खो खो हसलं. "यल्ला सिस्टर, चला, चहा घेऊ," शेजारच्या टेबलावरचा रियाज म्हणाला. विल्यमनं घामाघूम होऊन खरं काय ते सांगितलं आणि पिन मॅडमच्या हातात ठेवली. नोकरी खलास, असंच त्यानं धरलं होतं. पण पिनेमागं कोरलेलं नाव वाचून मॅडमचे डोळे भरून आले. आमची एक गेलेली बहीण घरी आली, असं म्हणून त्यांनी त्याला मदिनत खलीफातल्या व्हिलावर सहकुटुंब जेवायला बोलावलं. तिथं लिझी पडद्यांचं कौतुक करत राहिली. विल्यमचा नंबर काही लागला नाही.

पण मॅल्कम मात्र जळाला. चाळीस पिना जमवूनही त्याला मॅडमनी कधी पाणीही विचारलं नव्हतं. मॅडम दर शुक्रवारी मिस्साला येतात हे ठाऊक असल्यानं तो चर्चमध्ये आला तोच मुळी छातीवर बायकांच्या मंडळाची पिन लावून.

विल्यमला हसू आवरेना. "बघ, माझ्यावर जळतोय," तो लिझीच्या कानात कुजबुजला.

लिझीनं मॅल्कमकडे निरखून पाहिलं.

"शोभते पण त्याला," ती म्हणाली.