भिवराआत्यांनी विटेच्या कानांत सांगितलेलें नांव

श्रीगजवदनास दंडवत, ग्रामदेवीस नारळ, आणि ऐकणारांस आगाऊ ताकीद, कीं पुढील हकीकत कोणी खरी मानणार नाहीं. माझ्या सख्ख्या भावानें मानिली नाहीं, आणि तो तर माझ्या हरएक थापेस मान डोलावीत असे. असो. शके चवदाशें सतरा, संवत्सराचें नांव विसरलों, ते समयीं नदीकांठीं एक पुरातन शहर होतें आणि त्यास एक नांव होतें. मग पूर्वेकडून हत्तींचे राजे चालून आले, वेस फोडिली, आणि हुकूम फर्माविला कीं आजपासून शहर राजमार्तंडपट्टण, आणि जुनें नांव जो उच्चारील त्याची जीभ छाटावी. परंतु त्या शहरीं चाल अशी, कीं नांव ठेवणें तें आत्येनेंच ठेवावें, मूल असो कीं मुलूख. म्हणोन वेशीच्या पायांतली पहिली वीट काढिली, तिला कुंची घातली, पाळण्यांत निजविली, आणि शहराची आत्या म्हणोन भिवराआत्यांस पालखी पाठविली.

येथवर चावडीवर वाचून दाखविलें, तों समोर बांगड्यांची दुरडी घेऊन बसलेली मथुरा कासारीण म्हणाली, "अहो तात्या, विटेला कान कुठला?"

म्हटलें, "डावीकडचा. ऐकायचें तर गप ऐक."

मग आत्याबाई पाळण्यावर वांकल्या आणि विटेच्या कानांत जुनें नांव हळूच बोलिल्या, आणि मग मान वर करून मोठ्यानें "कुर्रर्र, राजमार्तंडपट्टण!" म्हणाल्या, आणि बायांनी त्यांच्या पाठींत धपाटे घातले, आणि राजेसाहेबांनी घुगऱ्या खाऊन संतोष मानिला. हें कसब एकटी भाची सगुणा जाणे. धपाटे घालणारांत ती सर्वांत जवळ, तिला ओठ हलतांना दिसले, शब्द मात्र कळला नाहीं. मग तीस वर्षांनी उत्तरेचे बादशहा आले, हत्ती पळाले, आणि शहर दिलखुशाबाद जाहलें, जरी त्या सालीं पटकी होऊन शहरांत खुश असें कोणी उरलें नव्हतें. पुन्हा वीट, पुन्हा पाळणा, पुन्हा कानांत जुनें आणि तोंडीं नवें. मग एक घोडेस्वार सरदार आले, त्यांची चंद्री नामें घोडी उतारावर पाय मोडून मेली, त्या दुःखांत त्यांनीं शहर चंद्रीपूर केलें. आत्याबाई म्हणाल्या, "घोडीचें नांव? ठेवूं कीं. लाथा खायची आमच्या गावाला सवय आहेच." आणि वीट पुन्हा पाळण्यांत निजली.

भिवराआत्या एकशें चाळीस वर्षें जगल्या, सगुणाही फार मागें राहिली नाहीं. अविश्वास असेल त्यानें आतांच उठावें. परंतु जुनें नांव जाणणारे बाकीचे इतकें जगले नाहींत. जिभेच्या भयानें बापांनीं लेकरांस सांगितलें नाहीं, आणि लेकरांनीं विचारिलें नाहीं, आणि होतां होतां तें नांव एका म्हातारीच्या गळ्यांत तेवढें उरलें. सगुणा रोज म्हणे, "आत्या, आतां तरी सांग गं." आणि आत्याबाई म्हणत, "तुझ्या पोटांत गोष्ट राहते का? परवां माझ्या कवळीची हकीकत धोब्यापर्यंत पोंचविलीस. आणि मी काय एवढ्यांत मरतें? जा, घुगऱ्या निवड." ऐसें आज-उद्यां करितां चाळीस वर्षें गेलीं.

मग टोपीकर आले. त्यांनीं हत्ती आणिले नाहींत, घोडे आणिले नाहींत, जीभही कोणाची कापिली नाहीं. एक पाटी आणिली, वेशीवर चार खिळ्यांनीं ठोकिली, तींत 'ठाणें चौथें' ऐसें लिहिलें होतें, आणि जेवावयास गेले. पालखी नाहीं, पाळणा नाहीं, कुर्रर्र नाहीं. आत्याबाई दिवसभर पालखीची वाट पाहत ओटीवर बसून राहिल्या, आणि सांजवेळीं उठून अंथरुणास लागल्या, त्या उठल्याच नाहींत. चौथे दिवशीं त्यांनीं सर्वांस बाहेर घालविलें, सगुणेकडून दारास आंतून कडी लावविली, आणि म्हणाल्या, "वीट आण." खोलींत आत्याबाई, सगुणा आणि वीट, चौथें कोणी नाहीं. सगुणेनें वीट उशाशीं ठेविली आणि आपला कान पुढें केला. आणि आत्याबाईंस तर सबंध आयुष्याची सवय विटेची. राहिलेलें बारसें उरकावयाचें म्हणोन त्या पलीकडे वळल्या, विटेच्या कानांत नांव बोलिल्या, आणि त्याच कुशीवर प्राण सोडिला.

सगुणा बारा दिवस विटेस कान लावून बसली होती. म्हणे, "एवढ्या वेळां ऐकलेंस गं बाई, एकदां सांग." तेरावे दिवशीं टोपीकरांनीं ती वीट नेऊन कचेरीच्या पायरींत चिणिली.

तरी ऐकणारांनीं चिंता करूं नये. तें नांव मजला ठाऊक आहे. म्यां ह्या कानांनीं आत्याबाईंच्या तोंडून ऐकिलें. तें नांव ऐसें, कीं—

"थांबा तात्या!" मथुरा दुरडी बाजूस सारून ओरडली. "आत्तांच वाचलेंत ना, दाराला कडी, आंत आत्या, सगुणा आणि वीट? सगुणेला तर ऐकूं आलें नाहीं. मग तुम्ही कोण होतां तिथें? वीट?"

चावडी पोट धरून हंसली. मग हंसणें ओसरलें, आणि मथुराच हलक्या आवाजांत म्हणाली, "म्हणजे तें नांव खरेंच गेलें म्हणायचें."

शहर आहे, नदी आहे, नांवें चार आहेत. येथें लेखणी ठेविली.